सुरीला लागलेले हाड

जॉन हंटर (१७२८–१७९३) हे लंडनचे नामांकित शल्यविशारद. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर त्यांचे शिष्य. हंटर तापट होते आणि संताप आला की त्यांच्या छातीत कळ येई. अशाच दुखण्याने गेलेल्या एका रुग्णाचे हृदय जेन्नर कापत होते, तेव्हा सुरी कशावर तरी खरकन अडली. छताचा गिलावा पडला की काय म्हणून त्यांनी वर पाहिले. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याच हाडासारख्या झाल्या होत्या! गुरूंनाही हाच आजार, हे त्यांनी ताडले. पण त्यांना धक्का बसेल म्हणून हंटर हयात असेपर्यंत हा निष्कर्ष प्रसिद्ध केला नाही.

हाडाची उपमा नेमकी आहे. नळात क्षार धरतात, तसे हे नुसते साचणे नव्हे. धमनीच्या भिंतीत चरबी साठून दाह होतो, काही पेशी मरतात, काही स्नायुपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक जमतात.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला. हंटर उठून शेजारच्या खोलीत गेले आणि कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्याही हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या.