गिल्बर्ट मरे

जॉर्ज गिल्बर्ट एमे मरे (जन्म : सिडनी, २ जानेवारी १८६६; मृत्यू : ऑक्सफर्ड, २० मे १९५७) हे ग्रीक भाषा व साहित्याचे ब्रिटिश अभ्यासक, प्राचीन ग्रीक शोकात्मिकांचे संपादक आणि भाषांतरकार होते. युरिपिडीझच्या नाटकांची ग्रीक संहिता त्यांनी चिकित्सापूर्वक सिद्ध केली आणि त्याच नाटकांना इंग्रजी पद्यात आणून लंडनच्या रंगभूमीवर प्रेक्षक मिळवून दिला. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने केल्याची उदाहरणे विरळाच आढळतात.

पूर्वायुष्य

मरे यांचे वडील सर टेरेन्स ऑब्रे मरे हे न्यू साउथ वेल्सच्या विधानपरिषदेचे अध्यक्ष होते. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी आई अकरा वर्षांच्या गिल्बर्टला घेऊन इंग्लंडला आली. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८८९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक झाले. सॉफोक्लीझचे थोर संपादक रिचर्ड जेब यांच्या जागी ही नेमणूक झाली होती. त्याच वर्षी कार्लाइलच्या अर्लची कन्या लेडी मेरी हॉवर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रकृती ढासळल्यामुळे १८९९ मध्ये त्यांनी ग्लासगोचे पद सोडले. पुढील काही वर्षे त्यांच्याकडे अध्यापनाचे काम नव्हते, आणि त्यांच्या कीर्तीचा पाया नेमका याच वर्षांत घातला गेला.

युरिपिडीझची संहिता

युरिपिडीझच्या नावावर आज एकोणीस नाटके उपलब्ध आहेत. त्यांपैकी दहा नाटके पुरातन काळी निवडली जाऊन अभ्यासात राहिली. उरलेली नऊ केवळ योगायोगाने वाचली. त्यांचा आधार म्हणजे चौदाव्या शतकातील दोन हस्तलिखिते. अशा संहितेत ओळी गळलेल्या असतात, नकलनविसाच्या चुका पिढ्यान्‌पिढ्या उतरलेल्या असतात आणि नटांनी घुसवलेली भाषणेही मूळ म्हणून नांदत असतात. कोणता पाठ स्वीकारावा, कोठे स्वतःची दुरुस्ती सुचवावी आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे संपादकाला ओळीगणिक ठरवावे लागते. ऑक्सफर्डच्या अभिजात ग्रंथमालेसाठी मरे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही संहिता तीन खंडांत सिद्ध केली. या कामात त्यांना जर्मन पंडित विलामोवित्झ यांचे साहाय्य लाभले. पुढे १९०८ मध्ये विलामोवित्झ ऑक्सफर्डला व्याख्यानांसाठी आले, तेव्हा त्या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर मरे यांनीच केले.

भाषांतरे आणि रंगभूमी

संहितेच्या कामाबरोबरच भाषांतरे सुरू होती. ‘हिपॉलिटस’ आणि ‘बॅकी’ यांची पद्य भाषांतरे १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. मे १९०४ मध्ये ‘हिपॉलिटस’चा प्रयोग लंडनमध्ये झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिग्दर्शक ग्रॅनव्हिल बार्कर यांच्या कोर्ट थिएटरमधील गाजलेल्या उपक्रमाचा आरंभही याच नाटकाने झाला. १९०५ मध्ये ‘ट्रोजन स्त्रिया’ आणि १९०६ मध्ये ‘इलेक्ट्रा’ रंगमंचावर आले. तोवर ग्रीक नाटक म्हणजे विद्यापीठांत मूळ भाषेत होणारा हौशी प्रयोग, असा समज होता. मरे यांच्या भाषांतरांमुळे ते इब्सेन आणि शॉ यांच्या शेजारी येऊन बसले. शॉ यांनी तर ‘मेजर बार्बरा’ या नाटकातील ग्रीकचा प्राध्यापक मरे यांच्यावरूनच बेतला आणि त्याच्या तोंडी मरे यांच्या भाषांतरातील ओळीही घातल्या.

सॉफोक्लीझच्या ‘राजा ईडिपस’ला इंग्लंडमध्ये नाट्यपरीक्षण खात्याची दीर्घकाळ परवानगी नव्हती. ती १९१० मध्ये मिळाली. जानेवारी १९१२ मध्ये माक्स राइनहार्ट यांनी मरे यांच्या भाषांतरावरून कॉव्हेंट गार्डन येथे या नाटकाचा भव्य प्रयोग केला.

यांपैकी ‘ट्रोजन स्त्रिया’चा इतिहास विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ नाटक इ.स.पू. ४१५ मधील. त्याच्या काही महिने आधी अथेन्सने मेलॉस बेटावरील पुरुषांची कत्तल करून स्त्रिया व मुले यांना गुलाम केले होते. मरे हे बोअर युद्धाचे विरोधक होते. त्या युद्धात ब्रिटिशांच्या छावण्यांत हजारो बोअर स्त्रिया व मुले दगावली होती. १९०५ च्या प्रेक्षकांना या नाटकात आपल्याच राष्ट्राचा चेहरा दिसावा, ही त्यांची अपेक्षा उघड होती. मात्र १९१४ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या युद्धप्रवेशाचे जाहीर समर्थन केले. त्याच वेळी सद्सद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांसाठी त्यांनी रदबदलीही केली. १९१५ मध्ये अमेरिकेतील महिला शांतता पक्षाने युद्धविरोधी प्रचारासाठी गावोगावी ‘ट्रोजन स्त्रिया’चे प्रयोग घडवून आणले, तेही मरे यांच्याच भाषांतरावरून. भाषांतरकार एका बाजूला आणि त्याचे भाषांतर दुसऱ्या बाजूला, असा हा विलक्षण प्रसंग होता.

शैली आणि टीका

ग्रीक पद्य संस्कृत श्लोकांप्रमाणे अक्षरांच्या ऱ्हस्व-दीर्घ क्रमावर चालते; त्यात यमक नसते. मरे यांनी मात्र संवादांसाठी यमकबद्ध द्विपदी आणि वृंदगीतांसाठी गेय कडवी वापरली. मूळ पद्यातील औपचारिक डौल इंग्रजीत यमकावाचून उतरत नाही, अशी त्यांची धारणा होती. वृंदगीतांत या पद्धतीला खरोखर यश आले. संवादांत मात्र यमक साधण्यासाठी शब्द वाढत गेले, आणि युरिपिडीझचे रोखठोक वाक्य धूसर व अलंकृत झाले. टी. एस. एलियट यांनी १९२० मध्ये नेमक्या याच दोषावर बोट ठेवले. मरे यांच्या ओळींत युरिपिडीझपेक्षा स्विनबर्न आणि विल्यम मॉरिस यांचेच सूर ऐकू येतात, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. एलियट यांचा लेख कठोर असला तरी अन्यायाचा नव्हे. तथापि त्यांना ज्या प्रयोगावर लिहावेसे वाटले, तो सिबिल थॉर्नडाइक यांचा ‘मेडिया’चा प्रयोग लंडनच्या हॉलबर्न एम्पायरमध्ये झाला होता. हे एरवी करमणुकीच्या कार्यक्रमांचे नाट्यगृह. तेथे युरिपिडीझ पोहोचला तो मरे यांच्यामुळेच, हेही विसरता येत नाही.

सार्वजनिक कार्य

१९०८ ते १९३६ या काळात मरे ऑक्सफर्डला ग्रीकचे रीजियस प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा बराच वेळ राष्ट्रसंघाच्या कार्यात गेला. बौद्धिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय समितीचे ते १९२८ पासून अध्यक्ष होते. जगदीशचंद्र बोस आणि पुढे सर्वपल्ली राधाकृष्णन हे या समितीचे भारतीय सदस्य. मरे आणि रवींद्रनाथ टागोर यांचा पूर्व-पश्चिम संबंधांवरील पत्रव्यवहार १९३५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १९४२ मध्ये जर्मनव्याप्त ग्रीसमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. तेथे अन्न पोहोचावे म्हणून ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या साहाय्य समितीच्या संस्थापकांत पंचाहत्तरी ओलांडलेले मरे होते. हीच समिती पुढे ऑक्सफॅम या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९१२ मध्ये त्यांनी सर ही पदवी नाकारली होती. १९४१ मध्ये मात्र ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान स्वीकारला. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ठेवण्यात आल्या.

उत्तरकाळ

मरे यांनी सिद्ध केलेली एस्किलसची संहिता १९३७ मध्ये निघाली आणि तिची सुधारित आवृत्ती १९५५ मध्ये, त्यांच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाली. त्याच ग्रंथमालेत १९७२ मध्ये डेनिस पेज यांच्या संहितेने तिची जागा घेतली. युरिपिडीझच्या संहितेचे नवे संपादन जेम्स डिगल यांनी १९८१ ते १९९४ या काळात पूर्ण केले. मरे यांची भाषांतरे आता रंगभूमीवर क्वचितच येतात.