कै. दुर्गाबाई खोटे : एका मानी स्त्रीचे चरित्र

स्मरणिकेसाठी संतांची, सुधारकांची अथवा दानशूर पुरुषांची चरित्रे लिहावीत असा प्रघात आहे. यंदा आम्ही एका चित्रपट-अभिनेत्रीचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत. हे पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींस नवल वाटेल, हे आम्ही जाणतो. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याकडील, सुशिक्षित व सुखवस्तू. कॅथीड्रल शाळेत व पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. विवाह होऊन त्या खोटे यांच्या श्रीमंत घराण्यात आल्या. बकुल व हरिन हे दोन पुत्र झाले. परंतु लक्ष्मी चंचल असते. सासरच्या वैभवास उतरती कळा लागली आणि ऐन तारुण्यात वैधव्यही त्यांच्या वाट्यास आले. कोणाच्या दारी हात पसरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मुलांना स्वकष्टाने वाढवावे, हाच त्यांचा निर्धार होता.

त्या काळी सिनेमा हा कुलीन स्त्रीचा व्यवसाय समजला जात नसे. दादासाहेब फाळक्यांना 1913 साली आपल्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका एका पुरुषास द्यावी लागली होती. दुर्गाबाईंनी 1931 साली ‘फरेबी जाल’मध्ये लहानसे काम केले, परंतु त्या चित्रपटाने नाव मिळण्याऐवजी लोकनिंदाच पदरी आली. दुसरी एखादी स्त्री तेथेच खचली असती. तथापि कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने त्यांना बोलावले आणि 1932 साली शांतारामबापूंच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्या तारामती झाल्या. ज्या भूमिकेसाठी एकोणीस वर्षांपूर्वी स्त्री मिळाली नव्हती, ती भूमिका एका शिकलेल्या, घरंदाज स्त्रीने केली. राज्य गमावून काशीच्या बाजारात विकली जाणारी ती राणी पाहून, निंदा करणाऱ्यांचेही डोळे पाणावले असतील असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला. आमचे तिसगाव मढीच्या कानिफनाथांच्या सावलीतले. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात कसे गुंतले आणि गोरखनाथांनी त्यांस कसे सोडविले, ही कथा आपल्याकडे आजीच्या तोंडून पोरासोरांनी ऐकलेली असते. त्या स्त्रीराज्याची राणी दुर्गाबाईंनी साकारली. चित्त्यास जवळ बाळगणारी ती करारी राणी आणि सोशिक तारामती एकाच बाईने एकाच वर्षी उभ्या कराव्यात, यातच त्यांचे सामर्थ्य दिसते.

पुढे कलकत्त्यास देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ (1933) व ‘सीता’ (1934) या चित्रपटांत त्यांनी कामे केली. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. ‘अमरज्योती’त (1936) अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी सौदामिनी त्यांनी रंगविली. नट-नट्या मासिक पगारावर एकाच कंपनीस बांधलेल्या असत, त्या काळात त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांत स्वतंत्रपणे काम केले. 1937 साली ‘साथी’ची निर्मितीही केली. आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’तील (1941) खाष्ट सासू आणि ‘भरत मिलाप’मधील (1942) कैकेयी या भूमिकांनी त्यांनी सिद्ध केले, की लोकांचा रोष ओढवून घेण्यासही कलावंतास धैर्य लागते. रंगभूमीवर त्यांनी ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई गाजविली. ‘मुगल-ए-आझम’मध्ये (1960) त्या जोधाबाई झाल्या, तेव्हा अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. सव्वीस वर्षांपूर्वी हेच त्यांचे राम होते!

यश मिळाले तरी दुःखाने पाठ सोडली नाही. पुत्र हरिन अकाली निवर्तला. तरीही दुर्गाबाई काम करीत राहिल्या. 1968 साली पद्मश्री, ‘बिदाई’तील (1974) मातेच्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक व पुढे 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस लाभला. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांनी देह ठेवला.

जाता जाता एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. आमच्या शिक्षकीच्या काळात एक हुशार विद्यार्थिनी स्नेहसंमेलनातील नाटकात उत्तम काम करी. लोक नावे ठेवतील म्हणून तिच्या वडिलांनी तिचे नाटक बंद केले आणि पाठोपाठ शाळाही. ते आमचा सल्ला घेण्यास आले होते. आम्ही त्यांच्याच मताला मान डोलावली. पुढे ती मुलगी अकाली विधवा झाली. हाती विद्या नव्हती, म्हणून भावाच्या घरी तिला दिवस काढावे लागले. दुर्गाबाईंचे आत्मचरित्र वाचताना ती मुलगी वारंवार आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आपल्या प्रत्येक मुलीने नटी व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिच्या अंगी जो गुण असेल त्यास लोकनिंदेच्या भयाने कुलूप लावू नये. लोक चार दिवस बोलतात. संसाराचा भार मात्र तिलाच जन्मभर वाहावा लागतो. ज्ञातिबांधवांनी याचा विचार करावा, ही प्रार्थना.