रेकीचे जनक मिकाओ उसुई

दुखऱ्या कपाळावर आजीने हात ठेवला की निम्मे दुखणे पळते, हा अनुभव कोणत्या घरी नाही? या साध्या हस्तस्पर्शाचे जपानमध्ये एक शास्त्रच ज्यांनी उभे केले, ते मिकाओ उसुई. ‘रेई’ म्हणजे आत्मिक, दिव्य. आणि ‘की’ म्हणजे जवळजवळ आपण ज्याला प्राण म्हणतो तो.

उसुई यांचा जन्म १५ ऑगस्ट १८६५ रोजी गिफू प्रांतातील तानिआई या खेड्यात झाला. तीनच वर्षांनी मेइजी राजवट आली आणि जुना जपान झपाट्याने पालटू लागला. वाचन अफाट, बुद्धी तल्लख. पण संसारात यश काही लाभेना. अनेक खटपटी फसल्या, दारिद्र्यही भोगावे लागले. अखेर क्योटोच्या उत्तरेस असलेल्या कुरामा पर्वतावर जाऊन त्यांनी २१ दिवस उपवास व ध्यान केले. शेवटी मस्तकावर एका महान शक्तीचा संचार जाणवला, असे त्यांच्या स्मारकशिलेवर कोरलेले आहे. आपल्याकडील साधकांच्या कथा ऐकलेल्या वाचकांना हे अपरिचित वाटणार नाही.

ही शक्ती त्यांनी आधी स्वतःवर, मग घरच्यांवर अजमावून पाहिली. एप्रिल १९२२ मध्ये ते टोकियोत आले आणि त्यांनी संस्था स्थापून शिकवणे व उपचार सुरू केले. विद्या घराण्यात कोंडून न ठेवता सर्वांना द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. शिष्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ मनाशी घोकायचे नियमही साधेच होते : आजच्यापुरते रागावू नये, काळजी करू नये, कृतज्ञ असावे, नेमाने काम करावे, सर्वांशी प्रेमाने वागावे. ‘आजच्यापुरते’ या एका शब्दात माणसाच्या दुबळेपणाची केवढी जाण आहे!

१ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंप आणि आगीने टोकियो व योकोहामा उद्ध्वस्त झाले. लाखाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत उसुई रोज शहरात हिंडून जखमी व पीडितांची सेवा करीत. पुढे बोलावणी इतकी वाढली की प्रवासास उसंत उरली नाही. अशाच एका दौऱ्यात, फुकुयामा येथे, ९ मार्च १९२६ रोजी पक्षाघाताने त्यांचा अंत झाला. वय अवघे ६०. शिष्य दोन हजारांवर होते.

हाताने खरोखर शक्ती वाहते, हे वैद्यकीय प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. रोग्याला शांत वाटते, हे मात्र अनेकजण सांगतात. औषधाऐवजी रेकी घेणारा आपला घात करून घेईल, हे स्पष्ट सांगावयास हवे.

उसुईंच्या पश्चात नौदलातील डॉक्टर चुजिरो हायाशी या शिष्याकडून ही विद्या हवाईच्या हावायो ताकाता यांनी शिकली आणि १९३७ मध्ये मायदेशी नेली. अमेरिकन श्रोत्यांना त्या उसुईंना ख्रिस्ती पाठशाळेचे प्रमुख आणि शिकागो विद्यापीठाचे पदवीधर म्हणून सांगत. दोन्ही ठिकाणच्या दप्तरांत तसे नाव सापडले नाही. टोकियोच्या साइहोजी मंदिरातील ती शिला १९२७ मध्ये शिष्यांनी उभारली. तिच्यावर उसुईंचे चरित्र कोरलेले आहे, पण त्यात ना पाठशाळेचा उल्लेख आहे, ना शिकागोच्या पदवीचा.