एडिसनची बॅटरी थंडीपुढे का हरली? तुमच्या गाडीच्या बॅटरीमागची गोष्ट

थंडीत पहाटे गाडीचा सेल मारला की कधीकधी नुसतं ‘टक टक’ होतं आणि इंजिन ढिम्म हलत नाही. रात्री तर गाडी व्यवस्थित होती! मग एका रात्रीत बॅटरीला झालं काय?

याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. थॉमस अल्वा एडिसन. विजेच्या दिव्यामुळे तो आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्यानं आयुष्यातली साधारण दहा वर्षं आणि प्रचंड पैसा एका बॅटरीवर लावला होता, हे फार कमी जणांना माहीत असतं. बॅटरी झाली, चांगलीच झाली. पण गाडीच्या बॉनेटखाली तिला जागा मिळाली नाही.

अ‍ॅसिडनं घालवलेली नोकरी

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा जेमतेम. लहान वयातच तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला आणि सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोगही करायला लागला. पुढे तो टेलिग्राफ ऑपरेटर झाला. तेव्हा टेलिग्राफ चालायचा बॅटरीवर, त्यामुळे बॅटरीशी त्याची ओळख फार जुनी.

विशीच्या उंबरठ्यावर असताना लुइव्हिल शहरात तो रात्रपाळी करायचा. एका रात्री बॅटरीचे प्रयोग करताना त्याच्या हातून सल्फ्युरिक अ‍ॅसिड सांडलं, लाकडी फळ्यांमधून झिरपलं आणि खाली साहेबांच्या टेबलावर पडलं, असं सांगितलं जातं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

बॅटरी अ‍ॅसिडशिवाय हवी!

१९०० साल. अमेरिकेत त्या वर्षी बनलेल्या सुमारे ४,२०० गाड्यांपैकी दीड हजारांहून जास्त चक्क इलेक्ट्रिक होत्या! पेट्रोलच्या गाड्या त्याहून कमी होत्या. या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये असायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, म्हणजे शिशाच्या प्लेट्स आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड. ही बॅटरी जड होती, लवकर खराब व्हायची आणि अ‍ॅसिडमुळे आतून झिजायची. एडिसनला ती अजिबात पटत नव्हती.

त्यानं ठरवलं, शिसंही नको आणि अ‍ॅसिडही नको. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत त्याच्या माणसांनी हजारो प्रयोग केले. शेवटी एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण अशी जोडी जमली. १९०१ मध्ये त्यानं बॅटरीची कंपनी काढली आणि १९०३ च्या सुमारास माल बाजारात आणला.

आणि तिथेच गडबड झाली. डबे गळायला लागले आणि बॅटरीची क्षमता हळूहळू कमी व्हायला लागली. एडिसननं १९०४ मध्ये उत्पादन थांबवलं, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सुधारलेली बॅटरी यायला १९०९-१० उजाडलं.

ही नवी बॅटरी मात्र दणकट निघाली. ती जास्त चार्ज झाली, पूर्ण उतरली किंवा महिनोन्महिने तशीच पडून राहिली, तरी तिला काही व्हायचं नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या गाड्यांमध्ये ती बसायला लागली. एडिसनचा डाव जमत आला होता.

केटरिंगचा सेल आणि बदललेला खेळ

पेट्रोलच्या गाडीची एक मोठी अडचण होती. ती सुरू करायला समोर उभं राहून लोखंडी हँडल जोरात फिरवावं लागायचं. ते उलटं फिरलं की हात मोडायचा. त्यामुळे अनेकांना इलेक्ट्रिक गाडी बरी वाटायची.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. केटरिंगनं आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनसाठी छोटी मोटर बनवली होती. मोटरला काही सेकंदच काम करायचं असेल तर छोट्या मोटरकडूनही जबरदस्त ताकद काढता येते, हे त्याला तिथेच कळलं होतं. हँडल गेलं, बटण आलं आणि इलेक्ट्रिक गाडीचा मोठा फायदाच संपला.

आता बॅटरीचं कामही बदललं. आधी तिनं तासन् तास गाडी ओढायची होती. आता तिनं दोन-चार सेकंदांत शंभर-दोनशे अँपिअरचा एकच झटका द्यायचा होता, तोही बर्फात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत.

हेन्री फोर्ड हा एडिसनचा जिवलग मित्र. त्यानं १९१२ मध्ये मॉडेल टी गाडीसाठी बॅटरी आणि स्टार्टरचं काम एडिसनकडे दिलं. पण निकेल-लोखंड बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, म्हणजे तिच्यातून एकदम मोठा करंट निघत नाही. थंडीत तर ती फारच मंदावते. एका सेलचा व्होल्टेजही कमी, सुमारे १.२, शिशाच्या सेलचा २. ते काम जमलंच नाही. १९१९ मध्ये मॉडेल टीला स्टार्टर मिळाला, तो लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर. ज्या अ‍ॅसिडला हटवायला एडिसननं दहा वर्षं घालवली, तेच जिंकलं.

थंडीत नेमकं काय होतं?

बॅटरीत वीज साठवलेली नसते, ती रासायनिक क्रियेतून त्या क्षणी तयार होते. थंडीत ही क्रिया मंदावते, द्रावण घट्ट होतं आणि रोध वाढतो. शून्य अंश सेल्सिअसला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशानं घटते, तर उणे १८ अंशांला निम्म्याहून कमी उरते. त्यातच इंजिन ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे कमाई घटली आणि खर्च वाढला!

म्हणूनच अनेक बॅटऱ्यांवर ‘सीसीए’ हा आकडा छापलेला असतो. उणे १८ अंशांला ३० सेकंद किती अँपिअर देऊनही १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, ते हा आकडा सांगतो.

आपल्याकडे निफाडच्या थंडीतही एवढा पारा उतरत नाही. मग गाडी का अडते? कारण उन्हाळा बॅटरीला आतून झिजवतो आणि थंडी फक्त ते उघडं पाडते. त्यामुळे:

- इंजिन बंद असताना बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते का, ते हिवाळ्याआधी गॅरेजमध्ये तपासून घ्या.
- सेल मारताना हेडलाइट, एसी, म्युझिक बंद ठेवा.
- एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये थोडं थांबा.
- लेह किंवा स्पितीला जाताना बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण जवळजवळ पाणीच असतं, ते लवकर गोठतं. गोठलेली बॅटरी कधीच चार्ज करू नका.

तुमच्या मोबाइललाही हेच लागू होतं. तिथे चार्ज पटकन उतरला तर फोन आतल्या खिशात ठेवा, आणि शून्याखाली गारठलेला फोन आधी उबेला आणून मगच चार्जिंगला लावा.

हरलेल्या बॅटरीचं पुढे काय झालं?

एडिसननं बॅटरी मोडीत काढली नाही. रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांचे दिवे, जहाजं अशा ठिकाणी एकदम झटका नको होता, वर्षानुवर्षं टिकाऊपणा हवा होता. तिथे ती भरपूर खपली आणि एडिसनला चांगला नफा देऊन गेली. १८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला, पण त्याच्या बॅटऱ्या अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत बनत राहिल्या.

तेव्हा नवी बॅटरी घेताना ‘सगळ्यात भारी कुठली?’ असं विचारू नका. आपल्या कामाची कुठली, ते विचारा. एडिसनची बॅटरी वाईट नव्हती. तिला फक्त थंडीत इंजिन उठवता येत नव्हतं.