रोकड नावाचा दाता : सर कावसजी जहांगीर रेडीमनी

सुरत शहराच्या उत्तरार्धाचा इतिहास हा बहुतांशी निघून गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. 1687 साली इंग्रजांनी पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले आणि तापीकाठचा व्यापार हळूहळू त्या सात बेटांकडे वळला. सराफ, दलाल, जहाजमालक, सुतार असे सारेच त्या वाटेने गेले. सुरतेजवळच्या नवसारीहून अठराव्या शतकाच्या आरंभी मुंबईस आलेल्या पारशी बंधूंचे घराणे त्यांतलेच. कंपनी सरकारास व साहेबांस अडचणीच्या वेळी हे घराणे तत्काळ रोख रक्कम पुरवी, म्हणून त्याला रेडीमनी हे नाव पडले, असे सांगतात. घराण्याची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली. त्या काळी चीनकडे जाणाऱ्या मालात कापसाबरोबर अफूही असे, हे विसरून या कथेचा अर्थ लागत नाही.

याच कुळात 1812 साली कावसजी जहांगीर जन्मले. पंधराव्या वर्षी त्यांनी डंकन गिब या इंग्रज पेढीत गोदामकारकुनाची नोकरी धरली. घराणे मोठे असले तरी उमेदवारी खालच्या पायरीवरूनच झाली. 1837 साली ते दोन युरोपीय पेढ्यांचे हमी दलाल झाले. त्याच वर्षी सुरतेत भीषण आग लागून शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. 1846 साली कावसजींनी स्वतंत्र व्यापार सुरू केला. 1860 साली हिंदुस्थानात प्राप्तिकर लागू झाला, तेव्हा मुंबईतील प्राप्तिकर आयुक्तांत त्यांची नेमणूक झाली. लोकांच्या मनास न रुचणाऱ्या या कामात त्यांनी आपला लौकिक राखला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईवर कापसाच्या पैशाचा पाऊस पडला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि असंख्य घरे धुळीस मिळाली. सुरतेतच जन्मलेले प्रेमचंद रायचंदही त्या तडाख्यातून सुटले नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या आवारात या दोघांची स्मारके आजही शेजारी उभी आहेत : प्रेमचंदांच्या देणगीतून झालेला राजाबाई मनोरा आणि कावसजींच्या देणगीतून झालेले पदवीदान सभागृह. गोव्यातील महाविद्यालये 1985 पर्यंत याच विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे त्या सभागृहाशी गोमंतकाचेही नाते आहे.

कावसजींच्या दानाची यादी मोठी आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालय, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, भायखळ्याचे नेत्र रुग्णालय, मुंबईतील चाळीस पाणपोया यांचा तिच्यात समावेश होतो. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये 1869 साली उभे राहिलेले कारंजेही त्यांचेच. मुंबईच्या संस्थांना त्यांनी सुमारे दोन लाख पौंड दिले. पूर्वजांनी मागे टाकलेल्या मुलखाचे ऋणही ते विसरले नाहीत. सुरतेच्या सिव्हिल इस्पितळास त्यांनी मोठे साह्य केले.

या यादीत एक नोंद मात्र वेगळी आहे : सिंधमधील हैदराबादचे वेड्यांचे इस्पितळ. शाळा, पाणपोई, दवाखाना यांना लोक दुवा देतात. वेड्यांच्या घराला दुवा देणारे कोणी नसते. रोगी बोलू शकत नाही आणि नातलग त्याचे नाव काढू इच्छीत नाहीत. 1858 च्या कायद्याने अशा रोग्यांना आश्रयगृहात ठेवण्याची पद्धत घालून दिली होती, पण जागा अपुरी होती. मुंबईतील कुलाब्याचे आश्रयगृह दाटीने भरलेले असे. ज्या दानातून प्रतिष्ठा सर्वांत कमी मिळायची, त्यासाठीही कावसजींनी थैली मोकळी केली. ती संस्था आज पाकिस्तानात आहे. देशाची फाळणी झाली, तरी तिच्यावरील पारशी दात्याचे नाव पुसले गेले नाही.

तथापि त्या काळच्या दानाची मर्यादाही स्पष्ट दिसते. भिंती उभ्या राहिल्या, खाटा आल्या, पण आत गेलेला मनुष्य बरा होऊन बाहेर येतो की नाही, हे पाहण्याची रीत नव्हती. डांबून ठेवणे हाच बहुधा उपचार होता. हा दोष एकट्या दात्याचा नव्हे. वैद्यकशास्त्राकडेच तेव्हा उत्तर नव्हते. दान इमारतीला मिळे, परिणामाला नव्हे.

तो हिशेब पुढे मांडला गेला आणि त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. 1996 साली येथे स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने वेगळा मार्ग धरला. लंडनच्या वेलकम ट्रस्ट या धर्मादाय निधीच्या आधारे राज्यातील चोवीस आरोग्य केंद्रांत व खासगी दवाखान्यांत एक चाचणी झाली. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना मदत केली आणि तिची तुलना नेहमीच्या उपचाराशी करण्यात आली. 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही निकाल मांडले गेले, हेच त्या कार्याचे बळ.

कावसजींना 1871 साली सी. एस. आय. हा किताब आणि 1872 साली सर ही पदवी मिळाली. त्याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपत्य नव्हते. दत्तक पुत्र जहांगीर यांनी घराण्याचे नाव व दानाची परंपरा पुढे चालविली. 1878 साली कावसजींचे निधन झाले. विद्यापीठाच्या उद्यानात शिल्पकार वुलनर यांनी घडविलेला त्यांचा पुतळा आजही आहे. रेडीमनी या आडनावाने जगाला त्वरेने पैसा देणारे घराणे ठाऊक झाले. ज्या दुःखाकडे कोणी पाहत नव्हते, तिकडेही हा पैसा वळवता येतो, हे कावसजींनी दाखवून दिले. त्या पैशातून मनुष्य बरा होतो का, हे तपासण्याचे काम त्यांच्यानंतर आलेल्यांवर राहिले आणि ते अद्याप संपलेले नाही.