फ्रेनेल आणि गोल फिरणारा प्रकाश

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात १० मे १७८८ रोजी जन्मलेले ओग्युस्तँ फ्रेनेल वयाच्या आठव्या वर्षीही धड वाचू शकत नव्हते. प्रगतिपुस्तक असते, तर त्यावर तांबड्या रेघांखेरीज काही दिसले नसते. प्रकृती नाजूक, आरंभीचे शिक्षण घरीच. पुढे पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकून ते सरकारी रस्तेबांधणीचे अभियंते झाले.

१८१५ मध्ये परतलेल्या नेपोलियनला विरोध केल्यामुळे त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ते आईच्या घरी, मात्यू या खेड्यात, येऊन राहिले. तेथे भिंगाच्या जागी मधाचा थेंब वापरून आणि गावच्या कुलूपवाल्याकडून उपकरणाचे भाग घडवून घेऊन त्यांनी प्रयोग आरंभिले. प्रकाश हा तरंग आहे, या मताला त्यातून बळ मिळाले. त्याची कंपने वाटेला आडवीच असतात, असे त्यांनी १८२१ मध्ये मांडले, तेव्हा जिवलग सहकारी आरागो यांनीही त्या लेखाला आपले नाव देण्याचे नाकारले. फ्रेनेल यांनी तो एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केला.

एका रेषेत कंप पावणारा, म्हणजे रेषीय ध्रुवित, प्रकाश डोळ्यांपुढच्या स्फटिकातून पाहावा. स्फटिक फिरविताच एका स्थितीत अंधार होतो. फ्रेनेल यांनी असा प्रकाश काचेच्या तिरकस ठोकळ्यात दोनदा परावर्तित केला. आता स्फटिक कितीही फिरविला तरी उजेड तसूभर बदलेना. जणू साधाच प्रकाश! परंतु तोच प्रकाश पुन्हा तशाच ठोकळ्यातून नेताच अंधाराची स्थिती परत आली. साध्या प्रकाशाला हे साधत नाही. या प्रकाशाची कंपने वाटेभोवती मळसूत्रासारखी फिरत होती. १८२२ मध्ये त्यांनी त्याला वर्तुळ-ध्रुवित म्हटले.

या शोधाने आणखी एक कोडे सुटले. गारेच्या स्फटिकातून किंवा साखरेच्या द्रावणातून जाताना रेषीय प्रकाशाची कंपनरेषा वळते, ती का? फ्रेनेल यांच्या मते हा प्रकाश म्हणजे उजवीकडे व डावीकडे फिरणाऱ्या दोन वर्तुळ-ध्रुवित प्रकाशांची बेरीज होय. त्यांतला एक मागे पडतो, म्हणून पुन्हा एकत्र येताना रेषा कलते. उजव्या व डाव्या वळणाच्या गारेचे लोलक जोडून त्यांनी ते दोन किरण वेगळे करूनही दाखविले. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापीवर उसाच्या रसाचे ‘पोल’ पाहतात, ते याच वळणावरून.

दीपगृहांची भिंगे घडविण्याचे कामही याच वर्षांत चालू होते आणि क्षयही बळावत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक आरागो यांनीच त्यांच्या रुग्णशय्येपाशी नेऊन दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १४ जुलै १८२७ रोजी, फ्रेनेल यांचे निधन झाले. वय अवघे ३९ वर्षांचे होते.