आयर्लंडला शपथ देणारे फादर मॅथ्यू

येशूच्या अखेरच्या भोजनातील प्याल्यात द्राक्षारस होता, हे बहुतेक ख्रिस्ती पंथ मानतात. तरीही दारूकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एक नाही. कॅथलिक परंपरेत द्राक्षारसाशिवाय मिस्सा होत नाही. तेथे पिणे हे पाप नव्हे, अतिरेक हे पाप. प्रोटेस्टंटांपैकी काही पंथांनी मात्र एकोणिसाव्या शतकात दारू पूर्णपणे वर्ज्य मानली. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहून लाखो कॅथलिकांना दारू सोडायला लावणारा धर्मगुरू म्हणजे फादर थिओबाल्ड मॅथ्यू.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १७९० रोजी आयर्लंडमधील टिपेररी परगण्यात थॉमसटाउन येथे झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते आणि आप्तांपैकी काहींचा मद्य गाळण्याचाच धंदा होता. मेनूथच्या धर्मविद्यालयात शिकत असताना खोलीत मित्रांना मेजवानी दिल्यामुळे १८०८ साली त्यांना विद्यालय सोडावे लागले. पुढे आयुष्यभर संयमाची शपथ देत फिरणाऱ्या माणसाची सुरुवात अशी झाली, हे गमतीचेच. नंतर ते कॅपुचिन संघात दाखल झाले आणि १८१४ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. कॉर्क शहर हीच त्यांची कर्मभूमी ठरली. गरिबांसाठी शाळा, १८३० साली जुनी वनस्पतिबाग घेऊन उभारलेली दफनभूमी, १८३२ च्या पटकीच्या साथीतील सेवा यांमुळे शहरातील सर्व पंथांचे लोक त्यांना मानू लागले.

मद्यपानविरोधी चळवळ तोवर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंटांचीच समजली जाई. १८२९ साली बेलफास्टच्या जॉन एडगर या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने घरातली व्हिस्की खिडकीतून ओतून दिली होती. मात्र त्याचा विरोध कडक मद्याला होता, द्राक्षारसाला नव्हे. बायबलमध्ये ज्याला स्थान आहे ते सरसकट निषिद्ध कसे ठरवायचे, हा प्रश्न प्रोटेस्टंटांनाही सुटला नव्हता. कॉर्कमध्ये संपूर्ण त्यागाचा प्रचार करणाऱ्यांत विल्यम मार्टिन हे क्वेकर, निकोलस डन्सकोम्ब हे अँग्लिकन आणि रिचर्ड डाउडन हे युनिटेरियन होते. बहुसंख्य कॅथलिक जनता त्यांचे ऐकणार नाही, हे त्यांना उमगले होते. येथील गरीबगृहाच्या कारभारात मॅथ्यू यांचे सहकारी असलेले मार्टिन वर्षानुवर्षे त्यांच्या मागे लागले होते.

अखेर १० एप्रिल १८३८ रोजी मॅथ्यू यांनी नोंदवहीत आपले नाव लिहिले. त्या रात्री साठेक जणांनी सही केली. नऊ महिन्यांत हा आकडा सुमारे दीड लाखावर गेला. १८३९ च्या डिसेंबरात ते लिमरिकला गेले तेव्हा गावाबाहेरून आलेल्या गर्दीला रस्ते अपुरे पडले. लोक गटागटाने गुडघे टेकत, शपथ घेत आणि गळ्यात पदक घालून परतत. पुढच्या काही वर्षांत शपथ घेतलेल्यांची संख्या लाखांत मोजली जाऊ लागली. सरकारी तिजोरीनेही त्याची साक्ष दिली. आयर्लंडमधील मद्यावरील कराचे उत्पन्न १८३९ मधील सुमारे १४ लाख ३४ हजार पौंडांवरून १८४४ मध्ये ८ लाख ५२ हजार पौंडांवर आले. १८४५ साली कॉर्कला आलेले अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनीही त्यांच्याकडून शपथ घेतली.

विरोध मात्र स्वतःच्याच चर्चमधून झाला. ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल त्यांच्या मोहिमेवर नाराज होते. प्रोटेस्टंटांशी एवढी जवळीक कशाला, शपथ म्हणजे धार्मिक व्रत की निव्वळ वचन, पदकांचे पैसे जातात कोठे, अशा शंका घेतल्या गेल्या. वास्तविक पैसे जात होते ते मॅथ्यू यांच्याच खिशातून. गरिबांना पदके फुकट वाटताना त्यांनी हिशेब कधी ठेवला नाही आणि कर्जापायी त्यांच्यावर डब्लिनमध्ये अटकेची नामुष्की ओढवली. माणूस मोठा, पण व्यवहारात कच्चा; संघटना बांधण्याकडेही त्यांचे लक्ष नव्हते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात शपथ घेतलेली माणसे उपासमारीने मेली किंवा देशोधडीला लागली. १८४७ साली कॉर्कच्या धर्मगुरूंनी बिशपपदासाठी त्यांना पसंती दिली, तरी रोमने दुसऱ्याची निवड केली.

१८४९ ते १८५१ या काळातील अमेरिका दौऱ्यात त्यांनी सुमारे पाच लाख लोकांना शपथ दिली. राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी त्यांचे स्वागत केले. पण पूर्वी गुलामगिरीविरोधी आवाहनावर सही करणारे मॅथ्यू बॉस्टनमध्ये या विषयावर बोलायला तयार झाले नाहीत. दारूखेरीज दुसऱ्या वादात पडायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळे गॅरिसन यांच्यासारखे मित्र दुरावले. दुसरीकडे, त्या जुन्या सहीचा सुगावा लागताच जॉर्जियातील मद्यपानविरोधी संघटनेच्या अध्यक्षांनीही त्यांचे निमंत्रण मागे घेतले. हे मौन त्यांच्या चरित्रातला डागच म्हणावा लागेल.

पक्षाघाताने खचलेले मॅथ्यू ८ डिसेंबर १८५६ रोजी क्वीन्सटाउन, म्हणजे आजच्या कोव्ह, येथे वारले. त्यांनीच उभारलेल्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. १८६४ साली कॉर्कच्या सेंट पॅट्रिक रस्त्यावर त्यांचा पुतळा बसविण्यात आला. १८९८ साली जेम्स कलन या जेझुइट धर्मगुरूने डब्लिनमध्ये कॅथलिकांसाठी दारूत्यागाची नवी संघटना काढली. ती मात्र मोजक्या निष्ठावंतांपासून सुरू झाली.